मुलांकडे बघून

आपल्याकडे नवरा-बायकोचं फाटलं की पहिली बैठक बसते ती वडीलधाऱ्यांची. मुलाचे काका, मुलीचा मामा, ज्यांनी स्थळ सुचवलं होतं ते गृहस्थ आणि भिंतीला टेकून डोळ्याला पदर लावलेली आजी. दोन-तीन तास बोलणं होतं, दोनदा चहा होतो, लग्नातल्या मानपानापासूनचं सगळं निघतं. शेवटी त्यातलं सगळ्यात मोठं माणूस म्हणतं, "झालं ते झालं. आता मुलांकडे बघून नांदा."

मी पुण्यात कौटुंबिक वादांमध्ये समुपदेशक आणि मध्यस्थ म्हणून गेली २२ वर्षं काम करते. हे वाक्य ऐकून सात-सात, दहा-दहा वर्षं काढलेली किती माणसं माझ्यासमोर बसून गेली असतील, त्याची मोजदाद नाही. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्यातल्या दोन शब्दांबद्दल. "मुलांकडे बघून" असं ज्या बैठकीत म्हणतात, तिथे खरोखर मुलाकडे कुणी बघत नसतं. मूल तेव्हा शेजारच्या काकूंकडे पाठवलेलं असतं, नाहीतर आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसवलेलं असतं. आणि टीव्हीचा आवाज कितीही मोठा केला तरी त्याला बाहेरचं सगळं ऐकू येतं.

पहिल्या भेटीत बहुतेक आईबाबा मला सांगतात, "मॅडम, आमचं आता जुळायचं नाही, तुम्ही उगाच वेळ घालवू नका." त्यांना वाटतं, मी त्यांचं जुळवायला बसलेय. जुळलं तर मला आनंदच आहे, आणि कधीकधी ते जुळतंही. पण माझं काम जुळवण्याचं नाही, तोडण्याचंही नाही. एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं, हा निर्णय तुमचा. तो काहीही झाला तरी तुमच्या मुलाला आई आणि बाबा दोन्ही लागणार आहेत. ते दोघं पुढची दहा-बारा वर्षं एकमेकांशी कसं वागणार, हे ठरवायला तुम्हाला मदत करायची, एवढंच माझं काम.

घरच्या बैठकीत आणि आमच्या बैठकीत फरक कोणता, तर तिथे मोठं माणूस निकाल देतं, इथे मी निकाल देत नाही. मला तो अधिकारच नाही. कोण बरोबर, कोण चूक, हे मी ठरवत नाही आणि न्यायाधीशांनाही कळवत नाही. न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवलं, तर माझ्याकडून परत जातो तो फक्त तडजोड झाली की नाही झाली, एवढाच अहवाल. खोलीत कोण रडलं, कुणी काय कबूल केलं, कुणी किती रकमेची तयारी दाखवली, यातलं काही बाहेर जात नाही आणि पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. मी दोघांना एकत्र भेटते, वेगवेगळंही भेटते. वेगळ्या भेटीत मला सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय मी समोरच्याला सांगत नाही. कुणालाही कोणत्याही क्षणी उठून जाता येतं. आणि ठरलंच, तर ते लिहून काढून दोघांच्या सह्यांनी न्यायालयापुढे ठेवता येतं. न्यायालयाने मान्य केलं की त्याला आदेशाचं बळ मिळतं.

आता एक प्रसंग सांगते. नावगाव सांगणार नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

मुलगा दुसरीतला. आई सिंहगड रोडला, बाबा चिंचवडला. शनिवार-रविवार मुलाने बाबांकडे राहायचं, हे ठरलं होतं. अडलं होतं ते रविवारी संध्याकाळी परत किती वाजता आणायचं यावर. आई म्हणे साडेपाच, बाबा म्हणत सात. दीड तासाच्या फरकावरून आमच्या दोन बैठका वाया गेल्या. दोघंही उच्चशिक्षित, चांगल्या नोकऱ्यांत असलेले. पण साडेपाच म्हटलं की बाबांचा चेहरा उतरायचा आणि सात म्हटलं की आईचा आवाज चढायचा.

तिसऱ्या वेळी मी म्हटलं, वेळेचं राहू द्या. रविवारी रात्री घरात काय काय होतं ते मला सांगा. आईने बोटं मोजायला सुरुवात केली. नखं कापायची. दप्तर भरायचं. डब्याला काय हवं ते विचारायचं. सोमवारी पीटी असते, तेव्हा पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना पॉलिश लावून खिडकीत ठेवायचे. "ते लवकर लावावं लागतं," ती म्हणाली, "रात्री उशिरा लावलं तर सकाळपर्यंत वाळत नाहीत. ओलसर बूट घालून गेला की दिवसभर पाय आखडून बसतो. बाईंनी मला सांगितलं होतं."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं, हिला माझे दीड तास कापायचेत." त्यावर ती म्हणाली, "आणि मला वाटायचं, याला मुद्दाम माझी रविवारची रात्र घालवायचीय."

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बूट शनिवारी दप्तराबरोबर दे. मी लावून आणतो."

करारात आम्ही तसंच लिहिलं. शनिवारी दप्तराबरोबर पांढरे बूट पाठवले जातील, वडील ते पॉलिश करून आणतील, मुलगा रविवारी सात वाजता घरी पोहोचेल. मी लिहून घेतलेल्या सगळ्या कलमांमध्ये हे मला फार मोलाचं वाटतं. एखाद्या न्यायाधीशांना, त्यांच्यासमोर रोज असलेला कामाचा ढीग पाहता, त्या बुटांपर्यंत पोहोचायला वेळ कुठून मिळणार? ते साडेसहा वाजता असा निकाल देऊन मोकळे झाले असते. दोघंही थोडे थोडे हरले असते आणि बूट सोमवारी ओलेच राहिले असते.

दुसरी गोष्ट सांगताना मला आजही त्रास होतो. नऊ वर्षांची मुलगी. आईबाबांनी न्यायालयात एकमेकांविरुद्ध प्रतिज्ञापत्रं दिलेली. आईच्या प्रतिज्ञापत्रात होतं की वडिलांकडे मुलीला वेळेवर जेवायला मिळत नाही, हे मुलगी स्वतः सांगते. वडिलांच्या प्रतिज्ञापत्रात होतं की आई घरी असली तरी सतत मोबाइलवर असते, हे मुलगी स्वतः सांगते. दोन्ही वाक्यं खरोखर तिचीच होती. मी तिला भेटले तेव्हा आईबाबांबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. आम्ही पत्ते खेळत होतो. खेळता खेळता तीच म्हणाली, "बाबांकडचं चांगलं सांगितलं ना, की आई गप्प होते. मग मी काहीतरी वाईट सांगते. मग ती मला जवळ घेते."

पालकहो, ती खोटं बोलत नव्हती. समोरच्या चेहऱ्याला जे हवं होतं ते ती देत होती, कारण त्या बदल्यात तिला माया मिळत होती. एवढीशी पोर दोन घरांत दोन वेगवेगळ्या मुली होऊन राहत होती. तिची परवानगी घेऊन मी हे तिच्या आईबाबांना सांगितलं. त्यानंतर त्या खोलीत जी शांतता पसरली, ती मी विसरू शकत नाही. मुलीचा उल्लेख असलेले ते परिच्छेद पुढच्या आठवड्यात दोघांनीही मागे घेतले.

म्हणून कळकळीने सांगते, मूल दुसऱ्या घरून आल्यावर त्याची उलटतपासणी करू नका. "काय खाल्लंस? कोण कोण आलं होतं? कुठे झोपलास?" हे प्रश्न तुमच्या काळजीतून येत असतील, पण त्याला ती चौकशी वाटते, आणि चौकशीत माणूस पक्ष निवडतो. "आलास? ये, हातपाय धू," एवढं म्हणा आणि थांबा. जे सांगायचंय ते ते आपणहून सांगेल. फीचे पैसे, उशीर, औषध, यातला कोणताही निरोप मुलाच्या तोंडी देऊ नका. त्यासाठी एक वही करा, ती दप्तरातून येऊ-जाऊ द्या. "काल रात्री ताप ९९.५, क्रोसिन साडेनऊला दिली, गणिताची चाचणी गुरुवारी." किंवा फोनवर मेसेज करा, पण त्यात मुलाखेरीज दुसरा विषय नको. बँकेतल्या माणसाशी आपण जसं नीट, मोजकं आणि अपमान न करता बोलतो, तसं. प्रेम नसलं तरी चालेल, हा सभ्यपणा मात्र टिकला पाहिजे.

या कामाला इंग्रजीत को-पेरेंटिंग म्हणतात. मी त्याला दोन घरांतलं एक पालकत्व म्हणते. यात जे लिहून ठरवायचं, त्याला पालकत्व योजना म्हणतात. शाळा कोणती, फी कोण भरणार, आजारपणात निर्णय कोण घेणार, पासपोर्टवर सही कोण करणार, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची. आपल्याकडे तर गणपती हवेतच त्यात! बाबांचं घर कोकणात, गणपती पाच दिवसांचे, आणि नेमकी त्याच आठवड्यात शाळेची चाचणी, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी ऐनवेळी भांडण होतं. जूनमध्ये दिनदर्शिका समोर ठेवून बसलात, तर तो अर्ध्या तासात सुटतो. आणखी एक. चार वर्षांच्या मुलासाठी केलेली योजना अकरा वर्षांच्या मुलाला पुरत नाही. त्याचा क्लास असतो, मित्र असतात, त्याला स्वतःचं म्हणणं असतं. दर वर्षी-दोन वर्षांनी ती काढून पुन्हा वाचा, गरज असेल तर पुन्हा या.

कायदा याबाबतीत तुमच्या बाजूने आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा मुळात याच विचाराने आला. त्याच्या नवव्या कलमानुसार आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. तिथे वकील लावणं हा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. मुंबई आणि पुण्यात ही न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली, आणि विवाह समुपदेशक हा त्यांच्या रचनेचाच भाग आहे. पण लोक म्हणतात, "काउन्सेलिंगची तारीख आहे, जाऊन सही करून येतो." असं करू नका हो. त्या संपूर्ण इमारतीत तुमच्या मुलाविषयी निवांत बोलायला मिळणारी जागा ती एकच आहे.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वैवाहिक खटल्यात स्पष्टपणे म्हटलं की असे वाद सुरुवातीलाच मध्यस्थीकडे पाठवावेत, शक्य असेल तर खटला उभा राहण्याच्या आधीच. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात आई आणि वडील दोघांनी मिळून मुलाची जबाबदारी घेण्याची कल्पना कायद्यात आणावी, अशी शिफारस केली. २०१७ च्या निकालाने परस्पर संमतीच्या घटस्फोटातला सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणात माफ करता येतो, असं ठरलं. पण त्यासाठी न्यायालय बघतं की समेटाचे प्रयत्न झालेत का, आणि पोटगी व मुलांचा प्रश्न खरोखर मिटलाय का. म्हणजे मध्यस्थीत वेळ जातो, ही भीती खरी नाही. आणि २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच केला.

एका शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. 'ताबा'. मुलाचा ताबा कुणाकडे? ताबा घराचा घेतात, गाळ्याचा घेतात, जप्त मालाचा घेतात. कायद्याच्या कागदावर तो शब्द राहणारच, पण घरात तरी तो बोलू नका. एका आठवीतल्या मुलाने मला विचारलं होतं, "माझा ताबा आईकडे गेला, म्हणजे मी बाबांचा कोण?" त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं. तू बाबांचा मुलगाच आहेस, हे कुठल्याही कागदाने बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये हेच वेगळ्या भाषेत सांगितलं. अमेरिकेत राहणारं जोडपं, आई मुलीला घेऊन भारतात आलेली, असा तो खटला होता. न्यायालयाने म्हटलं की आई आणि वडील दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि जो पालक दूर आहे त्याला निदान व्हिडिओ कॉलवर बोलता आलं पाहिजे. परदेशात असलेल्या कितीतरी मराठी घरांना हे लागू आहे. कॅलिफोर्नियात तर १९८१ पासून मुलांच्या ताब्याचा वाद सुनावणीला घेण्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तिथल्या एका बाबांचा फोन इथे रविवारी सकाळी आठला येतो, त्यांच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते. इथली आजी त्या वेळी नातीला केस विंचरायला बसवत नाही, फोनसमोर बसवते. ती आजी मुलीच्या आईची आई आहे, हे मुद्दाम सांगते. कारण आजी-आजोबा, मामा, आत्या यांनी मनावर घेतलं तर अर्धी लढाई जिंकली जाते, आणि नाही घेतलं तर आम्ही केलेला करार महिनाभरही टिकत नाही.

हे सगळं चांगलं वाटतं, पण उपयोग होतो का, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रॉबर्ट एमरी यांनी काही कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एक गट मध्यस्थीकडे, दुसरा नेहमीच्या न्यायालयीन वाटेने. मध्यस्थी झाली ती सरासरी पाच-सहा तास, जास्त नाही. बारा वर्षांनी बघितलं, तर मध्यस्थीच्या गटात वेगळं राहणाऱ्या पालकांपैकी २८ टक्के मुलांना दर आठवड्याला भेटत होते आणि न्यायालयाच्या गटात ९ टक्के. मुलांचं बालपण संपेपर्यंत टिकलेला हा फरक आहे. देश वेगळा, माणसं वेगळी, तरी मला तो आकडा वाचून आश्चर्य वाटलं नाही. जे स्वतः ठरवलं, ते माणूस पाळतो. जे लादलं गेलं, त्यातून तो पळवाट शोधतो.

एका ठिकाणी मात्र मी स्वतःच मध्यस्थीला नाही म्हणते. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, मुलावर कसलाही अत्याचार होत असेल, तर ती जागा मध्यस्थीच्या टेबलाची नाही. मध्यस्थीला दोन मोकळी माणसं लागतात. प्रत्येक उत्तराआधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघणारी बाई समोर बसली की मी बैठक थांबवते आणि तिला एकटीला भेटते. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष आज राज्यात अनेक ठिकाणी आहे. ज्यांना कुणी "मुलांकडे बघून सहन कर" असं सांगितलं असेल, त्या बायकांना मी उलट सांगते. मुलांकडे बघूनच बाहेर पडा. मार बघत वाढलेलं मूल मारच शिकतं, नाहीतर भ्यायला शिकतं.

बाकीच्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. बहुतेक जण माझ्याकडे फार उशिरा येतात. तोवर दोन-तीन खटले दाखल झालेले असतात, बहीण-भाऊ साक्षीदार झालेले असतात, व्हॉट्सॲपच्या चॅटच्या झेरॉक्स काढून झालेल्या असतात, आणि मूल वर्षभर एका पालकाला भेटलेलं नसतं. वर्षभराचा दुरावा सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा सहावा भाग आहे. तेवढ्यात ते चेहरा विसरत नाही, पण सवय विसरतं. मग पहिल्या भेटीत ते आईच्या ओढणीमागे लपतं, आणि बाबांना वाटतं की याला शिकवून आणलंय. कधी शिकवलेलं असतंही. पण बहुतेक वेळा ते फक्त बुजलेलं असतं.

तेव्हा अर्ज टाइप करायला देण्याआधी या. न्यायालयाशी जोडलेल्या केंद्रांत मध्यस्थीला पैसे पडत नाहीत. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे चौकशी करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. आधीच अर्ज दाखल केला असेल तरी उशीर झालेला नाही, न्यायाधीशांना विनंती करून मध्यस्थी मागता येते.

पहिल्या भेटीला मुलाला आणू नका. मामा-काकांनाही बाहेर बसू द्या. फक्त एक काम करा. दोघांनीही, एकमेकांना न विचारता, मुलाचा सोमवार ते रविवार एका कागदावर लिहून आणा. उठतं किती वाजता, डब्यात काय आवडतं, पीटी कोणत्या दिवशी, मित्राचं नाव काय, झोपताना दिवा चालू लागतो की बंद. कागद अर्धा कोरा राहिला तर लाज वाटू देऊ नका, तसाच घेऊन या. तो कागद समोर ठेवूनच आपण बोलायला सुरुवात करू.